सव्वीस नियमांचा तलाव

नगरपरिषदेत मी एकतीस वर्षं अभियंता होतो. बांधकाम परवाने आणि पाणीपुरवठा ही दोन्ही टेबलं माझ्याकडे. चांगल्या वर्षी आमच्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, वाईट वर्षी दहाव्या नाहीतर बाराव्या दिवशी. म्हणजे दहाव्याचं आणि बाराव्याचं जेवढं महत्त्व इतर गावांत असतं, तेवढंच आमच्याकडे, फक्त कारण वेगळं. अशा गावात एवढ्या वर्षांत काय केलंस, असं कुणी विचारलं तर मी खरं ते सांगतो. मी पोहण्याच्या तलावाचे नियम केले. एकूण सव्वीस.

या अंकाच्या संपादकबाईंनी रस्त्यांवर लिहा म्हणून सुचवलं होतं. पण आमचे रस्ते इतके दिवस टिकत नाहीत की त्यांच्या आठवणी तयार व्हाव्यात. तलाव मात्र अजून जागेवर आहे. त्यामुळे त्याच्यावरच लिहितो.

आमच्याकडे एक सहकारी सूतगिरणी होती. नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण त्या गिरणीत सूत सोडून बाकी सगळं निघालं. पतपेढी निघाली, मंगल कार्यालय निघालं, दोन शाळा निघाल्या. या सगळ्यांचे चेअरमन एकच, तात्यासाहेब. अंगानं जाडजूड, बोलायला गोड. समोरच्याला नेहमी उभ्या उभ्या आश्वासन देणार आणि बसल्या बसल्या विसरणार. एके दिवशी ते आमच्या कार्यालयात आले आणि माझ्या टेबलावर एक नोंदणीपत्र ठेवलं. सहकारी जलतरण संस्था, मर्यादित. सहकारात संस्थेच्या नावापुढं 'मर्यादित' लावावंच लागतं. आमच्या जिल्ह्यात जलतरणापुढं लावलेला तो शब्द मला पहिल्यांदाच प्रामाणिक वाटला.

"फुलारी, आपल्याला तलाव बांधायचाय," तात्यासाहेब म्हणाले. "गिरणीच्या मोकळ्या जागेत. परवानगी द्या."

"तात्यासाहेब, पाणी?"

"पाणी येतंय की वरून. तुमी कागदाचं बघा."

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. आणि ते खोटं नव्हतं, हे मला आजही कबूल करावं लागतं. "दर उन्हाळ्याला दोन-तीन लेकरं विहिरीत जात्यात. सिरसाळ्याकडं गेल्या साली दोघं भाऊ गेले. शिकायला जागाच न्हाई तर कुठं शिकतील?"

अडचण अशी होती, की पोहण्याच्या तलावाला परवानगी कोणत्या नियमाखाली द्यायची, हे आमच्या नगरपरिषदेत कुणालाच माहीत नव्हतं. तसा उपविधीच नव्हता. गावात हौद, आड, बारव, पाण्याची टाकी या सगळ्यांचे नियम होते. माणसानं मजेखातर पाण्यात उतरावं, ही कल्पना आमच्या आधीच्या कुठल्याही अभियंत्याला सुचलेली नव्हती. मुख्याधिकारी म्हणाले, "एखाद्या मोठ्या शहराचे नियम आणा आणि नाव बदला." सरकारी लेखनाची ही फार जुनी आणि प्रतिष्ठित पद्धत आहे. मी आणले आणि नाव बदललं.

शहर नेमकं समुद्रकाठचं होतं. नाव बदलण्यात मी चोख होतो, पण नियम वाचण्यात तेवढा नव्हतो. सर्वसाधारण सभेत मसुदा मांडला तेव्हा बाविसाव्या नियमात 'भरतीच्या वेळी तलावाचे समुद्राकडील दरवाजे बंद ठेवावेत' हे वाक्य तसंच राहिलं होतं. आमच्यापासून समुद्र गाठायचा तर एसटीत एक झोप आणि वर चहा. सभेत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एका सदस्यानं फक्त विचारलं, "म्हशी उतरल्या तर काय?" तो प्रश्न रास्त होता, म्हणून 'तलावात जनावरे सोडू नयेत' हा सव्विसावा नियम जागेवरच वाढवला. तेवढा एकच नियम आमच्या गावाचा स्वतःचा. बाकी पंचवीस पाहुणे. मसुदा एकमतानं मंजूर झाला आणि चहा आला.

ज्यांनी पोहण्याचा तलाव फक्त चित्रात पाहिला आहे, त्यांना वाटतं की खड्डा खणला, फरशी लावली, पाणी सोडलं की झालं. तसं नसतं. साठलेलं पाणी हे दुधासारखं असतं, लक्ष काढलं की नासतं. म्हणून ते सतत फिरवायचं असतं. तळातून आणि काठाच्या पन्हळीतून ओढायचं, वाळूच्या मोठ्या फिल्टरमधून गाळायचं, औषध घालायचं आणि परत सोडायचं. औषध किती उरलं हे बघायला काचेच्या नळीत पाणी घेऊन दोन-तीन थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं तर ठीक, नाही झालं तर जंतू मजेत आहेत असं समजायचं. खोली किती ते काठावर ठळक लिहायचं. फरशी न घसरणारी हवी. प्रत्येकानं आधी अंघोळ करून उतरायचं, ही अट तर आमच्याकडे फारच थोर होती. कारण अंघोळीला पाणी मिळतं म्हणूनच पहिल्या वर्षी बरेच जण सभासद झाले. अंघोळ करायचे आणि न पोहता घरी जायचे.

आणि चौदावा नियम जीवरक्षकाचा. तलाव चालू असेपर्यंत काठावर एक जीवरक्षक हजर हवा. किमान दहावी पास आणि प्रमाणपत्रधारक.

या जागेसाठी पहिला माणूस माझ्याकडे आला तो उस्मानभाई. उस्मानभाई म्हणजे आमच्या गावातला मोटार काढणारा. विहिरीतली पाण्याची मोटार बिघडली, फुटबॉल गाळात रुतला की त्याला बोलवायचं. फुटबॉल म्हणजे खेळायचा नव्हे, पाइपाच्या टोकाला असतो तो झडपेचा. पन्नाशीचा, काटक, बोलणं कमी. विहिरीत कुणी गेलं की पोलीसही त्यालाच बोलवायचे. तो गळ घेऊन उतरायचा आणि काढायचा. धर्मापुरीपासून शिरूरकासारपर्यंत कुठल्या विहिरीला कपार कुठं आहे, हे त्याला तोंडपाठ.

"साहेब, तलावाला मानूस पायजे म्हणं. मी हाय की."

"शिक्षण किती उस्मानभाई?"

"चौथी. उर्दू शाळंत."

"दहावी पाहिजे. आणि प्रमाणपत्र."

"कशाचं?"

"पोहता येतं याचं."

उस्मानभाईनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. "साहेब, मागच्या आठवड्यात तुमच्याच विहिरीत गेलतो मी. तुमी कठड्यावर उभे होता."

"मी पाहिलं. पण मी पाहिलेलं चालत नाही. कागदावर पाहिजे."

"मंग कागदालाच उतरवा पाण्यात," तो शांतपणे म्हणाला, हत्यारांची पिशवी उचलली आणि गेला.

त्याला रागही आला नव्हता. ते मला जास्त लागलं. पण नियम माझेच होते, आणि स्वतःच्या लेकराला कुणी पहिल्याच महिन्यात नावं ठेवत नाही.

जागेवर तात्यासाहेबांचा भाचा सुधीर लागला. वय तीस, बी.ए., गोरा, अंगावर नेहमी इस्त्रीचे कपडे. कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र त्याच्याकडं होतं, लॅमिनेशन केलेलं. ते भिजू शकत नव्हतं आणि त्याचा मालकही कधी भिजत नसे. त्याला एक उंच खुर्ची, एक शिट्टी आणि एक लाल टोपी मिळाली. त्याला एकदा पाण्यात उतरवून पाहावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण सव्वीस नियमांत तसा नियम नव्हता. मी पूर्णत्वाचा दाखला दिला, त्याखाली सही केली. उद्घाटनाला पाहुण्यांनी पाण्यात फुलं सोडली. ती नंतर दोन दिवस फिल्टरमधून निघत होती.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. म्हणजे येऊन गेला, पण कुणाकडं गेला ते कळलं नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गाड्या भरून लोक गेले, ते नेहमीपेक्षा जास्त. गावात राहिलेले म्हातारे आणि आमच्यासारखे पगारदार. माघापर्यंत धरणाचं पाणी पाइपाच्या तोंडाखाली गेलं. पुढं शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं. ते टीव्हीवर दाखवत होते तेव्हा आमच्या गावातले लोक हेव्यानं पाहत होते. आमच्याकडं रेल्वेचा रूळही नव्हता.

मग वरून पत्र आलं. पोहण्याचे तलाव आणि गाड्या धुण्याची केंद्रं तात्काळ बंद करावीत. आमच्याकडं गाड्या धुण्याचं केंद्र एकच होतं, त्याच्या मालकानं ते आधीच बंद करून टँकर घेतला होता. राहिला तलाव. मी पत्र घेऊन गेलो आणि फाटकाला कुलूप लावलं. आत साडेचार लाख लिटर पाणी निळंशार उभं होतं. बंद करा, असं पत्रात होतं. आतल्या पाण्याचं काय करा, हे नव्हतं.

तात्यासाहेब फिल्टर चालू ठेवा म्हणाले. "पाणी हिरवं पडलं तर पुढच्या साली लोक नावं ठेवतील." त्यामुळं असं झालं, की गावात पाण्याचा थेंब नव्हता आणि कुलपात बंद केलेलं पाणी रोज न चुकता गाळून स्वच्छ होत होतं.

महिन्याच्या पाणी तपासणीचे नमुने मी पाठवायचोच. त्या महिन्यात एक बाटली नळाच्या पाण्याची आणि एक तलावाच्या पाण्याची पाठवली. आठवड्यानं प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"साहेब, बाटल्यांची अदलाबदल झाली का हो?"

"का?"

"तुमच्या नळाचं पाणी पिण्यास अयोग्य आलंय. आणि तलावाचं योग्य."

मी अदलाबदल झाली नाही म्हणालो. बाई म्हणाल्या, "मग मी काय लिहू?" मी म्हटलं, "आलंय तेच लिहा." आमच्या पाणीपुरवठ्यावर एकतीस वर्षांत आलेला तो सगळ्यात स्पष्ट अहवाल.

तो अहवाल घेऊन मी मुख्याधिकाऱ्यांकडं गेलो. तलावाचं पाणी शेजारच्या दोन वॉर्डांना द्यावं. त्यांनी तात्यासाहेबांना फोन केला. तात्यासाहेब लगेच तयार झाले, आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर त्यांच्या फोटोचा फलक लागला, 'जलसेवा हीच ईश्वरसेवा'. मी भिंतीबाहेर पाइप काढून सहा तोट्या बसवल्या. तलावातून मोटारीनं पाणी उपसायचं, तोट्यांतून द्यायचं. आत कुणी यायचं नाही. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास.

पहिल्या दिवशी मी पोचलो तेव्हा फाटकाबाहेर शंभरावर घागरी रांगेत होत्या. आणि सुधीर लाल टोपी घालून फाटकात उभा. एका म्हातारीला तो सांगत होता, "आजी, सभासदाचं कार्ड पाहिजे."

"कशाचं बाबा?"

"तलावाचं. कार्डाबिगर न्हाई."

म्हातारी म्हणाली, "मला पवायचं न्हाई रं. मला चहा करायचाय."

मी सुधीरला बाजूला घेतलं. तर तो म्हणाला, "साहेब, तुमच्याच नियमात हाय. सतरावा." त्यानं नियम वाचले होते. गावात वाचलेला तो एकटाच निघाला.

तीन आठवडे काम बरं चाललं. त्यात माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं समाधान आहे, हे उपरोधानं म्हणत नाही. बाया हंडे भरून नेत होत्या, आणि वरून पिवळ्या थेंबांची परीक्षा मी रोज स्वतः करत होतो. अडचण विजेची. दुपारच्या पाळीला वीज गेली की मोटार बंद, तोट्या कोरड्या. उन्हात तास-तास उभ्या राहिलेल्या बायांना 'उद्या या' म्हणणं मला जमेना. एके दिवशी मी फाटक उघडायला लावलं. म्हटलं, उथळ बाजूच्या काठावर बसून, एकेक जणीनं बादलीनं काढा. उथळ बाजूला साडेतीन फूट पाणी. सुधीर खुर्चीवर. काय होणार होतं.

हे मी लिहून दिलं नव्हतं, तोंडी सांगितलं होतं. आणि एकदा तोंडी सांगितलेलं आमच्याकडं रोजचं होतं. वीज गेली की फाटक उघडायचं, असं ठरूनच गेलं.

पाणी खाली जात होतं. उथळ बाजूचं पाणी बादल्यांनी ढवळून गढूळ व्हायला लागलं, तशा बाया हळूहळू खोल बाजूकडं सरकल्या. तिथंही पाणी काठापासून हातभर खाली गेलं होतं. वाकूनच घ्यावं लागे. काठावर मी 'खोली १० फूट' असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं. वाचता येणाऱ्या बाया घरी होत्या आणि न वाचता येणाऱ्या पाण्याला आल्या होत्या.

चैत्र संपत आलेला. दुपारी मोटार जळाली म्हणून निरोप आला. मी उस्मानभाईला घेऊन गेलो. वीज नव्हतीच, त्यामुळं फाटक उघडं. आम्ही दोघं भिंतीलगतच्या मोटारीच्या खोलीत होतो. तो वायर सोडवत होता, मी टॉर्च धरली होती. बाहेर बायांचा गलका चाललेला. तो एकदम बदलला. मग सुधीरची शिट्टी वाजली. लांब, एकसारखी.

मी बाहेर आलो तेव्हा काठावर बाया मागं सरल्या होत्या आणि खोल बाजूला पाण्यावर एक हिरवा पदर दिसत होता. नंतर तोही दिसेना. सुधीर खुर्चीवरून खाली उतरला होता आणि काठावर उभा राहून शिट्टी वाजवत होता. पाण्याकडं तोंड करून. जणू बाईनं ऐकून वर यावं.

"सुधीर, उतर की," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "साहेब, मला इतक्या खोलात न्हाई येत," तो म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य, आणि ते ऐकून मला त्याचा राग न येता माझाच आला.

तोवर उस्मानभाई माझ्या शेजारून गेला. हातातला पाना त्यानं फरशीवर ठेवला, टाकला नाही. चप्पल काढली आणि उडी मारली. खाली गेला. आम्ही मोजत असल्यासारखे उभे होतो. तो वर आला तेव्हा हात रिकामे होते. एक श्वास घेतला, परत खाली गेला. या वेळी फार वेळ लागला. एका बाईनं रडायला सुरुवात केली. मग पाणी ढवळलं आणि तो वर आला, तिचे केस मुठीत धरून.

आम्ही तिला काठावर ओढली. उस्मानभाईनं तिला पालथी केली, पाठ दाबली, पाणी काढलं. मग उताणी करून छाती दाबत राहिला. हे त्याला कुणी शिकवलं होतं मला माहीत नाही. त्याच्या हाताला लागलेली माणसं याआधी बहुतेक असं करण्यापलीकडं गेलेली असत. बाई खोकली. उलटी झाली. डोळे उघडले.

तिचं नाव सोजरबाई. चार दिवसांपूर्वीच तोडीवरून परत आली होती, सहा महिने ऊस तोडून. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी पदर सारखा केला, मग इकडं-तिकडं पाहिलं.

"माझी घागर कुठंय?"

घागर तळाला होती. उस्मानभाई पुन्हा पाण्यात गेला आणि घागर घेऊन वर आला. भरूनच आणली.

इथपर्यंत सांगताना मला काही जड जात नाही. जड पुढचं आहे.

संध्याकाळी मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. साहेब, तात्यासाहेब आणि मी. साहेबांनी सरळ विचारलं, "फाटक उघडायला कुणी सांगितलं?"

"मी."

"लेखी?"

"तोंडी."

"म्हणजे तुम्हीच गेलात," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पावसाळी गटाराचा उतार किती, हे सांगावं तसं सांगितलं. मला निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती.

तात्यासाहेब गोड आवाजात म्हणाले, "कावून एवढं वाढवायचं? बाई जित्ती हाय. तलावाला जीवरक्षक हाय, त्याच्याकडं सर्टिफिकेट हाय. जीवरक्षकानं जीव वाचवला. त्यासाठीच तर त्याला ठिवलाय. असं लिहा, कुणाला काई विचारायला जागाच न्हाई."

"उडी उस्माननं मारली," मी म्हणालो.

"त्याला परवानगी होती का पाण्यात उतरायची?" तात्यासाहेबांनी विचारलं. "तुमचाच नियम. काढा बरं."

मी काढला नाही. पाठ होता. अनधिकृत व्यक्तीस तलावात प्रवेश नाही. जीवरक्षक प्रमाणपत्रधारक असावा. उस्मानभाईनं एका उडीत माझे दोन नियम मोडले होते, अंघोळ न करता उतरला तो तिसरा.

मी अहवाल लिहिला. स्वतःच्या हातानं. 'कर्तव्यावरील जीवरक्षकाने प्रसंगावधान राखून सदर महिलेस सुखरूप बाहेर काढले.' एवढं सुबक वाक्य मी नोकरीत दुसरं लिहिलं नाही. प्रत्यक्षदर्शी म्हणून उस्मानभाईची सही हवी होती. दुसऱ्या दिवशी मीच कागद घेऊन त्याच्या दुकानात गेलो. तो मोटारीचं वाइंडिंग करत बसला होता.

"काय लिवलंय साहेब?"

मी सांगितलं. खाली बघून सांगितलं. त्यानं तारेचं टोक दातात धरलं होतं, ते काढलं.

"तुमची नोकरी वाचती का ह्यानं?"

"हो."

"आन् बाया? त्यास्नी पानी मिळंल का?"

"तोट्यांतून मिळेल. आत नाही सोडणार आता."

"मंग द्या," तो म्हणाला आणि सही केली. उर्दूत, उजवीकडून डावीकडं, सावकाश.

आठ दिवसांनी सुधीरचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. सत्कारात नगरपरिषदेतर्फे दोन शब्द बोलायची जबाबदारी माझ्यावर होती आणि मी ते बोललो. सुधीर मान खाली घालून बसला होता. नंतर महिनाभरात त्यानं नोकरी सोडली आणि मामाच्या पतपेढीत लागला. मी मात्र नोकरी सोडली नाही. दोघांतला जास्त लाजाळू तोच होता.

सोजरबाईला खरं काय ते माहीत होतं. अख्ख्या वॉर्डाला माहीत होतं. आमच्या गावात खरं काय ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त कागदाला सांगायचं नसतं.

त्या वर्षी मृगात पाऊस आला. तलावातलं पाणी तोवर तळाला गेलं होतं. संस्थेनं तो पुन्हा भरला नाही. आधी मोटार नाही म्हणून, मग सभासद नाहीत म्हणून. पुढं त्याच्यावर पत्रे टाकले आणि आत खताच्या गोण्या ठेवल्या. सव्वीस नियम आजही लागू आहेत. भरतीच्या वेळी समुद्राकडचे दरवाजे बंद असतात, एवढी खात्री मी देतो.

निवृत्तीच्या वर्षी मी सभेपुढं एक छोटी दुरुस्ती ठेवली. चौदाव्या नियमात 'किमान दहावी पास आणि प्रमाणपत्रधारक' यापुढं 'अथवा ज्याचे पोहणे नगरपरिषदेच्या अभियंत्याने समक्ष पाहून तसा दाखला दिला आहे असा इसम' एवढे शब्द. बंद पडलेल्या तलावाच्या नियमाला दुरुस्ती कशाला, असं कुणी विचारलं नाही. मंजूर झाली. चहा आला.

निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात मी पहिला दाखला लिहिला. जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला, एक प्रत दप्तरात लावली. त्याच कपाटात, जिथं अहवाल होता. दोन्हीवर सही माझीच. कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तर माझी पेन्शन अडकली असती, पण आमच्याकडं कुणी एकसुद्धा कागद वाचत नाही, दोन कुठले वाचणार. तेवढ्याच बेतानं मी धाडस केलं होतं, हेही इथं सांगून टाकतो.

दाखला घेऊन उस्मानभाईच्या दुकानात गेलो. तो आता थकला होता, विहिरीत उतरणं बंद झालं होतं. त्यानं हात पुसले, कागद घेतला, शिक्का पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"वाचा तुमीच."

मी वाचला. शेख उस्मान यांनी तलावात बुडालेल्या श्रीमती सोजरबाई यांना माझ्या समक्ष पाण्याबाहेर काढून त्यांचा जीव वाचवला. पहिल्याच उडीत दहा फूट खोल जाऊन त्यांनी हे काम केले. सबब ते जीवरक्षक होण्यास पात्र आहेत.

तो ऐकत होता. मी म्हटलं, "उस्मानभाई, उशीर झाला. पण कागदावर आलं."

"आलं की," तो म्हणाला. "पन एक चुकलंय साहेब."

"काय?"

"पहिल्या उडीत न्हाई सापडली. मी खाली हात फिरवला आन् तसाच वर आलो. दुसऱ्या टायमाला घावली." त्यानं काउंटरवरचा पेन माझ्याकडं सरकवला. "खरं लिवायचं तर तसं लिवा."

मी 'पहिल्याच' खोडलं, वर 'दुसऱ्या' लिहिलं आणि बाजूला बारीक सही केली.